बिनखुणेचे कपडे

पहाटे पाचला जालना स्टेशनावर मी आणि माय, दोघीच उभ्या होतो. माझ्या एका बाजूला मैत्रिणीकडून मागून आणलेली सुटकेस, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चादरीत बांधलेलं गाठोडं. सुटकेस माझी हौस, गाठोडं मायचं. त्यात गोधडी, तवा, दोन पातेली असं काय काय होतं. पण ती गाठ बघितली की जुन्या जालन्यातल्या कोणीही सांगितलं असतं, हे परटाचं गाठोडं आहे. वरची गाठ सैल, खालची घट्ट, म्हणजे खांद्यावर टाकताना बोटं अडकवता येतात. नवीन जालन्यातल्या ज्या बियाणं कंपनीत मी उगवण तपासायचं काम करत होते, तिथलेच दोन साहेब पलीकडे त्याच गाडीची वाट बघत उभे होते. मी पायाने ते गाठोडं हळूच बाकाखाली सारलं. मायने बघितलं.

गाडी हलली तेव्हा ती खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "खिसे बघूनच पाण्यात टाकत जाय." बाकीच्यांच्या आया म्हणतात नीट जा, वेळेवर जेव. आमच्याकडे आशीर्वादसुद्धा धंद्यातलाच. वर्ष दोन हजार एक. कंपनीने मला हैदराबादच्या लॅबमध्ये बोलावलं होतं, आणि परतूर मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती: नव्या ठिकाणी कोणाला काही सांगायचं नाही. आमच्या गल्लीत जे मागे राहिले आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्या सगळ्यांना हे सांगायचं राहून गेलंय, म्हणून आता लिहिते.

गल्लीतल्या लोकांना आमचं घर माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. आम्ही परीट. कुंडलिकेच्या घाटावर दादा, म्हणजे माझे वडील, गावाचे कपडे धूत. घरी भट्टी, नीळ, खळ, कोळशाची इस्त्री. सत्तावीस घरांचे कपडे एकाच पाण्यात पडायचे, पण कोणाचा रुमाल कधी दुसऱ्याकडे गेला नाही, कारण प्रत्येक घराला एक खूण होती. बिब्बा गरम करायचा, त्यात सुई खुपसायची आणि सुईच्या टोकावर येणाऱ्या काळ्या तेलाने कॉलरच्या आतून खूण टाकायची. वरून चुना लावला की संपलं. कपडा फाटतो, खूण जात नाही. दादांना लिहिता येत नव्हतं, पण सत्तावीस घरं त्यांना पाठ होती. आडवी रेघ आणि खाली दोन ठिपके म्हणजे मास्तरीणबाई. तिरकी रेघ आणि तिच्यावर फुली म्हणजे वकील. आणि जे बिनखुणेचं, ते आपलं. आमच्या कपड्यांवर कधी काही टाकायचं नाही. सगळे गठ्ठे लागल्यावर जे उरेल, ते घरचं.

गावाचा मात्र आमच्यावर विश्वास नव्हता. आम्ही गिऱ्हाइकाचे कपडे घालून लग्नाला जातो असं लोक हसत हसत म्हणत, आणि हसून झाल्यावर आपले कपडे मोजून घेत. सहावीत असताना मी पिवळा फ्रॉक घालून शाळेत गेले. भोकरदनच्या मामाने तो बाजारातून आणला होता. वकिलांची मंगल माझ्याच वर्गात होती. ती म्हणाली, हा माझा फ्रॉक आहे, आईने परटाला दिला होता. बाईंनी मला पुढे बोलावलं, सगळ्या वर्गासमोर माझी कॉलर उलटी केली आणि फुलीची खूण शोधली. खूण नव्हती. "नाही गं, हिचाच आहे," बाई म्हणाल्या आणि मला जागेवर पाठवलं. मंगलला कोणी काही बोललं नाही. बाईंची बोटं माझ्या मानेला लागली होती, खडूने भरलेली. मी घरी हे कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझा स्वभाव असा झाला. आधी माणसाकडे बघायचं, मग त्याच्या हाताकडे.

तर हैदराबाद. तारनाक्याच्या बाजूला मी आठ दिवस खोली शोधली. एकट्या बाईला खोली द्यायची म्हणजे मालकांना आधी संशय, मग प्रश्न, मग पुन्हा संशय. माझंही तेच. ज्यांनी पटकन हो म्हटलं, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेले नाही. नवव्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. तेलुगू, साठीच्या पुढच्या, नवरा वारलेला, मुलगा अमेरिकेत. त्या तळमजल्यावर राहत. तिसऱ्या माळ्यावर मुलासाठी बांधलेली एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि बाल्कनी. बाल्कनीत पत्र्याखाली वॉशिंग मशीन. दोन भांड्यांचं, एकात कपडे घुसळायचे आणि दुसऱ्यात पिळून काढायचे. मुलाने जाण्याआधी घेतलेलं.

"ये भी इस्तेमाल कर लो," आंटी म्हणाल्या. "पड़े पड़े खराब होता."

मला तिथेच खटकलं. आमच्या ओळखीत तेव्हा फक्त डॉक्टर आणि वकिलांकडे मशीन आलं होतं, आणि ज्या दिवशी ते त्यांच्या घरात शिरलं त्या दिवशी ती घरं आमच्याकडून तुटली. आणि ही बाई एका परक्या पोरीला ते आपणहून देतेय. वर म्हणाल्या, एक चावी माझ्याकडे राहील. का राहील, ते काही सांगितलं नाही. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "पापा क्या करते थे?"

दादांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी म्हणाले, "कपड़े का धंदा था."

"हौ? अच्छा है," त्या म्हणाल्या आणि चावी माझ्या हातावर ठेवली. मला खोटं बोलल्याचं काही वाटलं नाही. खोली मिळाली याचंच वाटलं. मात्र एक भीती तेव्हापासून घरात राहायला आली. ह्यांना खरं कळलं तर काय? काढतील का? काढणार नाहीत कदाचित, पण कपाटं मोजतील, वाळत घातलेली ओढणी दोनदा बघतील. ते मला काढून टाकण्यापेक्षा वाईट वाटत होतं.

पहिले दोन महिने मी त्या मशीनला हात लावला नाही. बादलीत धुवायचे, मुद्दाम. नंतर एकदा ताप आला, अंगात त्राण नव्हतं, तेव्हा चादर टाकली. भांडं घरघरलं, चादर गोल गोल फिरली आणि बाहेर आली ती बरी निघाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दादांची घाटावरची पाठ आठवली, मुकी आणि वाकलेली, आणि मला त्या मशीनचा रागच आला. पण पुढच्या रविवारी पुन्हा लावलं. सवय लागायला राग आड येत नाही.

दुसऱ्या वर्षी माय आली. कुंडलिकेला पाणी उरलं नव्हतं, जे होतं ते धुण्याच्या लायकीचं नव्हतं, आणि गिऱ्हाईक तीन घरांवर आलं होतं. मी म्हटलं, दोन महिने माझ्याकडे राहा, मग बघू. ती तसंच गाठोडं घेऊन आली. जिना चढताना मी ते तिच्या हातातून काढून घेतलं, कोणी बघू नये म्हणून. तिला वाटलं तिला ओझं नको म्हणून घेतलं. म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, येवढं तं जमतंय मला."

आत आल्यावर दार लावून मी तिला पहिली गोष्ट ती सांगितली. "माय, इथं कोणाला सांगू नको आपण काय करायचो ते. मी कपड्याचा धंदा म्हणून सांगितलंय."

तिने पदराने तोंड पुसलं. "बराबर," एवढंच म्हणाली.

मशीनसमोर ती पहिल्या दिवशी पाटावर बसूनच राहिली. चेहरा असा, की समोर कोणी पंचनाम्याला आलंय. "घुसळती नुसती," म्हणाली. "धुती कुठं? कॉलरचा मळ तसाच हाय." मग पिळायच्या भांड्याकडे बघून जरा विचार केला. "हे मातर बरंय. मनगटं दुखत न्हाईत." मी हसले. मला वाटलं, चला, रमेल. मी सकाळी साडेआठला लॅबमध्ये जायचे, सहाला परत. दिवसभर ती काय करायची ते मी विचारलं नाही. म्हातारी बाई, झोपत असेल, टीव्ही बघत असेल. भाषाही तिला येत नव्हती. पण आमच्याकडची दखनी हिंदी आणि इथली दखनी चुलतबहिणी आहेत, हे मी विसरले होते.

साधारण महिन्याने मला शंका यायला लागली. आधी पावडर. महिनाभर जाणारा डबा पंधरा दिवसांत संपला. मग वास. आमच्या घरात खळीचा वास यायला लागला, तांदळाच्या पेजेचा, दादांच्या घरातला. मला वाटलं माझंच मन खेळ करतंय. मग एका संध्याकाळी मशीनच्या तळाशी निळं बटण सापडलं. माझ्याकडे निळ्या बटणाचं काही नव्हतं, मायकडे तर बटणांचंच काही नव्हतं. मी मायला विचारलं, "दिवसा कोणी येतं का घरात?"

"न्हाई बा. कोन येतंय?"

"आंटी येतात का? त्यांच्याकडे चावी आहे."

"मी घरातच असते की," माय म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

तुम्हाला सांगते, माझ्या संशयाच्या यादीत त्या इमारतीतलं प्रत्येक माणूस होतं, पाणी सोडणारा सुद्धा. माय नव्हती. ती दुपारी मंदिरात जाऊन बसते असं तिने एकदा सांगितलं होतं. मी हिशोब जुळवला: ही मंदिरात, मी लॅबमध्ये, आणि त्या वेळात आंटी चावीने दार उघडून आपले कपडे आमच्या मशीनवर, आमच्या पावडरीत धुतात. म्हणूनच चावी ठेवून घेतली. म्हणूनच 'इस्तेमाल कर लो' म्हणत एवढं औदार्य. मला उलट बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस त्या बाईत काही वाईट सापडत नव्हतं, त्याचाच मला ताप होता.

त्यात लोणची सुरू झाली. आवकाय, गोंगुरा, चिंचेची चटणी, बरण्याच बरण्या. "आंटीनी दिली," माय म्हणायची. एकदा म्हणाली, "दुसऱ्या माळ्यावालीनं दिली." मी म्हटलं ही लोकं एवढी लोणची कशाला देतात? आमच्याकडून काय काढून घ्यायचंय ह्यांना? चोराच्या मनात चांदणं, आणखी काय. मी बरण्या ओट्याखाली सारल्या. माय मात्र रोज मिटक्या मारत खायची.

फळीवर एका ताटलीत वस्तू जमायला लागल्या. केसाचा आकडा, बसचं तिकीट, एक छोटी पितळी किल्ली. मी माझ्या कपाटाला लावून बघितली. लागली नाही, पण म्हणून काय झालं. "ही कोणाची?"

"जिन्यात घावली," माय म्हणाली. तिच्या तर्जनीवर काळा डाग होता आणि शेजारी बारीक फोड उठले होते. मी विचारलं तर म्हणाली, "फोडनी उडाली." फोडणीने बोट काळं होत नाही. परटाच्या पोरीला हे कळायला पाहिजे होतं. मी बघितलं आणि सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष त्या किल्लीवर होतं. दुसऱ्या दिवशी किल्ली ताटलीत नव्हती. मी मनात म्हटलं, झालं, घेऊन गेली ती आंटी परत.

आणि मग तो रविवार. माय खाली शेजारणीकडे जाते म्हणून गेली होती. मी कपडे पिळायला लावले आणि मशीन धडधडायला लागलं, बाल्कनीची जाळी हलेपर्यंत. बंद करून आत हात घातला. फिरणारं भांडं आणि बाहेरचा पत्रा यांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. बोटं सोलवटून मी ते ओढून काढलं. उशीचा अभ्रा. पांढरा, कडेला हाताने विणलेली जांभळी नक्षी. अशी नक्षी आमच्या सात पिढ्यांत कोणी विणली नव्हती. आंटींच्या दारातल्या पडद्यावर मात्र तीच होती.

सापडली. सहावीच्या वर्गात मंगलच्या तोंडावर जे बोलता आलं नव्हतं ते सगळं मला आता बोलायचं होतं, आणि समोर एक बाईच होती, शाळेतलीच. ओला अभ्रा मुठीत धरून मी तीन जिने उतरले. आंटी दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या.

"आंटी, ये आपका है ना?"

त्यांनी बघितलं. "हौ. मेराच है. एक कम पड़ रहा था, मैं सोची कहाँ गया."

"हमारे मशीन में मिला. मैं घर में नहीं रहती तब आप ऊपर आते? चाबी लेके? पूछना तो था एक बार. हम लोग गरीब होंगे, मगर चोरी से कोई हमारे घर में—"

माझा आवाज चिरकला. समोरच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. आंटींनी शेंगांचं ताट खाली ठेवलं, चष्मा लावला आणि अभ्रा माझ्या हातातून घेतला. वर्गात वही तपासावी तसा त्यांनी तो उलटा केला, शिवणीचा कोपरा शोधला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"ये देखो बेटा. ये किसका है?"

कोपऱ्यात, आतल्या बाजूने, आडवी काळी रेघ होती. खाली दोन ठिपके. शेजारी चुन्याचा पांढुरका डाग. मास्तरीणबाईंची खूण. जुन्या जालन्यातल्या मास्तरीणबाईंच्या घरची, दादांनी ठरवलेली.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आंटी सांगत होत्या आणि मला अर्धं ऐकू येत होतं. माय आल्यावर आठ दिवसांनी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती. त्यांच्या अंगावरच्या साडीची खळ बघून तिला राहवलं नाही, साडी मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी कडक करून आणून दिली. मग शेजारच्यांनी दिली. मग दुसऱ्या माळ्याने. आता इमारतीतली सहा घरं होती. गच्चीवर हाताने धुवायची, फक्त पिळायला मशीन. पैसे घेत नव्हती, ज्याने जे दिलं ते घ्यायची, जुन्या काळी गावात बलुतं घ्यायचे तसं. म्हणून लोणची. ती किल्ली दुसऱ्या माळ्यावरच्या साहेबांच्या पँटमध्ये निघाली होती आणि परत गेली होती. खिसे बघूनच पाण्यात.

"आपने मुझे क्यूँ नहीं बताया?" मी विचारलं.

"तुम्हारी अम्मा बोले, बेटी को मालूम नक्को होना. मैं कायकू बोलूँ?" आंटींनी पुन्हा शेंगा मांडीवर घेतल्या. "और चाबी अलमारी में है. तीन मंज़िल चढ़ने को मेरे घुटने किधर हैं? दो साल में तुम मुझे जिने पे देखे क्या?"

नव्हतं बघितलं. दोन वर्षं मी त्यांच्या हातांकडे बघत होते, पायांकडे कधी बघितलंच नव्हतं. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "कपड़े का धंदा बोले थे ना. झूट थोड़ी बोले." आणि हसल्या. ते हसू टोचणारं नव्हतं, तरी टोचलं.

माय शेजारणीकडे नव्हती. गच्चीवर होती. मी वर गेले तर दोरीवर सहा घरांचे कपडे, घराघराप्रमाणे लावलेले. मी कॉलरी उलट्या करत गेले. डॉक्टरीण होती तिला डॉक्टरांची खूण. रेल्वेतल्या माणसाला आमच्या स्टेशनमास्तरांची. जी घरं जालन्यात आमच्याकडून तुटली होती, त्यांच्या खुणा मायने इथं पुन्हा वाटल्या होत्या. दादांची अख्खी गल्ली हैदराबादच्या दोरीवर वाळत होती, आणि ती माझ्यापासून लपवावी लागली होती.

शेवटच्या दोरीवर माझे कपडे होते. लॅबमध्ये घालायचा आकाशी कुर्ता. खरं तर बघायचं काही कारण नव्हतं. पण हाताला सवय झाली होती, मी कॉलर उलटी केली. तिरकी रेघ. वर फुली.

वकिलांची. मंगलची.

माय टाकीच्या सावलीत नीळ कालवत बसली होती. मी कुर्ता तिच्यासमोर धरला. "माय, हे काय? माझ्या कपड्यावर खूण का टाकली?"

ती घाबरली. सहा घरांचे कपडे पकडले गेले म्हणून नाही, माझा चेहरा बघून. "मिसळू नये म्हनून गं. समदे कपडे सारखेच दिसून राह्यले मला. पयलं आपलं काय ते हातालाच कळायचं. तुझे कपडे आता आपल्यावानी न्हाई दिसत. लोकायच्या कपड्यावानी दिसत्यात. दोनदा चुकून दुसऱ्या माळ्यावर देऊन आल्ते. मंग टाकली."

"पण वकिलांचीच का?"

"ती रिकामी व्हती. त्यांनी समद्यात आधी मशीन घेतली, ध्यानात न्हाई का?"

एवढंच. तिने मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर मी उलट बोलले असते आणि दोघींचं मन मोकळं झालं असतं. मी तिथंच गच्चीवर बसले आणि खूप वर्षांनी ढसाढसा रडले. तिला पिवळ्या फ्रॉकची गोष्ट सांगितली. खडूची बोटं सांगितली. स्टेशनावर गाठोडं पायाने सारलं होतं तेही सांगितलं. ते तिला माहीत होतं. फ्रॉकचंही माहीत होतं का, ते तिने सांगितलं नाही. "नीळ बसती गं खाली," म्हणाली आणि कालवत राहिली. फ्रॉकचं ठाऊक असून तिने ती खूण निवडली का, हा संशय मला अजून आहे. विचारायची हिंमत मात्र झाली नाही.

माय पुढच्या महिन्यात जालन्याला गेली. मी थांब म्हटलं, मनापासून म्हटलं. ती म्हणाली, "तीन घरं हायेत अजून. त्यांचं कोन बघंल?" आंटींना तिने खळ करायची रीत शिकवून ठेवली होती. स्टेशनवर मी गाठोडं माझ्या खांद्यावर घेतलं. गाठीत बोटं अडकवली, खालची घट्ट, वरची सैल. डब्यातले लोक बघत होते, बघू दिलं.

त्यानंतर मी दोनदा घर बदललं. पहिल्यांदा शोधताना एका मालकांनी विचारलं, वडील काय करायचे. मी म्हटलं, परीट होते, लोकांचे कपडे धुवायचे. ते आत गेले, बायकोशी बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, खोली कालच गेली. गेली होती की नव्हती, देव जाणे. दुसरीकडे मिळाली. तिथं मशीन नव्हतं, मी माझं घेतलं. ते लावताना प्रत्येक कपड्याचा खिसा बघते. माझा स्वतःचाही, ज्यात काय आहे ते मला माहीत असतं.

तो आकाशी कुर्ता विरला, मी फेकला नाही. कॉलर कापून ठेवली आहे. तुम्ही कोणी भेटलात की विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, जालना की हैदराबाद. मी कुठंही दार उघडलं की आधी कडी बघते, मग माणसं. जालन्यातल्या घरातसुद्धा.

मात्र मागच्या दिवाळीच्या आधी माय आली होती. तिला आता जिना चढता येत नाही, म्हणून मी लिफ्टची जागा घेतली आहे. ती आली त्याच दिवशी माझे कपडे बादलीत घेऊन बसली, मशीनकडे पाठ करून. धुतले, खळ घातली, दोरीवर टाकले. ती आत चहा प्यायला गेल्यावर मी बाल्कनीत गेले आणि एकेक कॉलर उलटी करून बघायला लागले. चौथ्या कपड्यापाशी मागून आवाज आला.

"काय बघून राह्यली?"

"काही नाही."

"बघ, बघ." ती दाराला टेकून बशीत चहा ओतत होती. "न्हाई टाकली."